ओळ न मोडता काम कसं वाटायचं?

मागच्या अंकात मॅप, फिल्टर, फोल्ड (यादीतल्या प्रत्येकावर काम करणं, हवे ते निवडणं, सगळ्यांतून एक उत्तर गोळा करणं) यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेत काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटणं सोपं जातं कारण एकदा तयार झालेला डेटा कोणी बदलत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा सगळा भाग त्यालाच देतेय. प्रश्न वेगवेगळ्या भाषांमधले आहेत, अडचण मात्र बहुतेकांची एकच. काम वाटलं की क्रम बिघडेल अशी भीती वाटते, आणि क्रम सांभाळायचा म्हटलं की मग वाटताच येणार नाही असं धरून चालतात.

उत्तरांआधी एक गोष्ट डोळ्यासमोर आणा. परीक्षेचे 1000 पेपर बैठक क्रमांकाने लावलेत आणि पाच शिक्षकांना 200-200 चे गठ्ठे दिलेत. कोणी दुपारीच संपवेल, कोणी रात्री जागेल, कोणी आपला गठ्ठा मागून पुढे तपासेल, पण गठ्ठ्यावर नंबर आहे, त्यामुळे शेवटी एकावर एक ठेवले की पहिल्या पेपरपासून हजाराव्यापर्यंत ओळ जशीच्या तशी. पेपर कधी तपासला हा वेळेतला क्रम झाला आणि पेपर कुठे ठेवायचा हा जागेतला. आपल्याला बहुतेक वेळा फक्त जागेतला हवा असतो. हे दोन वेगळे करता आले की खालचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

प्रश्न : नमस्कार ताई, मी एलिक्सर या फंक्शनल भाषेत काम करतो. आमच्याकडे साधारण 20,000 बिलांची यादी येते, प्रत्येक बिलासाठी बाहेरच्या एका सर्व्हिसकडून माहिती आणायची आणि त्याच क्रमाने रिपोर्ट काढायचा. टास्कचं एसिंक स्ट्रीम (यादीतली कामं एकाच वेळी चालवायची सोय) लावलं, वेग वाढला, पण मधेच एखादी रिक्वेस्ट अडकली की सगळंच थांबल्यासारखं दिसतं. मित्र म्हणतो ऑर्डर्ड फॉल्स करून टाक, म्हणजे क्रम पाळणं बंद. करू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लगेच करू नका. ऑर्डर्ड हा ऑप्शन तुम्ही काही न सांगताही चालूच असतो, आणि चालू असला म्हणून कामं एकामागून एक होतात असं नाही, ती एकाच वेळी चालतात, फक्त उत्तरं बाहेर देताना मूळ यादीच्या क्रमाने दिली जातात. समजा 7 नंबरचं बिल अडकलं आणि 8, 9, 10 झाली, तर ती तिन्ही तयार होऊन आत बफरमधे बसतात, 7 आलं की चारही धडाधड बाहेर. तुम्ही बाहेरच्या टोकाला उभे राहून बघताय म्हणून तुम्हाला शांतता दिसते.

खरी अडचण दुसरीकडे असावी असं मला वाटतं. एका वेळी किती कामं चालवायची हे तुम्ही सांगितलं नसेल तर जेवढे शेड्युलर (कोअरवर कामं चालवणारे, सहसा दर कोअरला एक) तेवढीच चालतात, म्हणजे 8 कोअरच्या मशीनवर बहुधा 8. गणिताचं जड काम असतं तर हे ठीक होतं, पण तुमचं काम म्हणजे वाट बघणं आहे, सीपीयू रिकामा बसलाय. समोरची सर्व्हिस झेपवत असेल तर मॅक्स कन्करन्सी 40-50 करा आणि फरक बघा. दुसरं म्हणजे टाइमआउट. तो न सांगता 5 सेकंदांचा असतो, आणि एका कामाला तेवढा वेळ उलटला की ज्या प्रोसेसने स्ट्रीम चालवलंय तीच पडते, 20,000 पैकी 12,000 झालेली असली तरी. म्हणून ऑन टाइमआउटला किल टास्क द्या. मग अडकलेलं एकच काम मारलं जातं आणि त्याच्या जागी टाइमआउट झाल्याची खूण येते, त्याच जागी, क्रम न बिघडता. नंतर तेवढ्याच जागा परत मागवायच्या.

ऑर्डर्ड बंद करायला हरकत नाही अशी कामं पण असतात, उदाहरणार्थ नुसते मेल पाठवायचेत किंवा उत्तरांची फक्त बेरीज हवी आहे. किंवा मग प्रत्येक बिलाबरोबर त्याचा नंबर आत पाठवा, उत्तराबरोबर तो परत घ्या आणि शेवटी नंबराने लावा. एवढंच करू नका की ऑर्डर्ड बंद केलं आणि आलेली उत्तरं मूळ यादीशी झिप केली, म्हणजे पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं अशी जोडली. एका जुन्या कामात आमच्याकडून हेच झालं होतं. टेस्टमधे 10 ओळी होत्या, सगळं जुळलं. खऱ्या डेटावर एका ग्राहकाची रक्कम दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसली, एरर कुठेच नाही, एकूण बेरीज पण बरोबर, त्यामुळे चूक सापडायला दोन दिवस गेले आणि तोवर रिपोर्ट लोकांच्या हातात पडला होता.

ही कल्पना एलिक्सरच्या आधीची आहे, एलिक्सर ज्या अर्लांगवर उभी आहे तिथली मंडळी हे फार पूर्वीपासून करतात. यादीतल्या प्रत्येक गोष्टीसाठी एक प्रोसेस सोडायची, प्रत्येकीला एक वेगळी खूण द्यायची, आणि मग मेसेज घेताना मूळ यादीच्या क्रमाने एकेका खुणेची वाट बघायची. ज्याचं उत्तर लवकर आलं ते मेलबॉक्समधे पडून राहतं, त्याची पाळी आली की उचललं जातं. शर्यत आत कितीही होऊ दे, दारावर क्रमानेच घेतलं जातं. एलिक्सरची फ्लो नावाची लायब्ररी मात्र क्रमाची हमी देत नाही, तिच्याकडे वळलात तर हे लक्षात ठेवा.

प्रश्न : ताई, मी थर्ड इयर कॉम्प्युटरला आहे. हॅस्केल या फंक्शनल भाषेत 10 लाख आकड्यांचे वर्ग पॅरमॅपने (काम वाटून चालणाऱ्या मॅपने) काढून बेरीज केली तर साध्या मॅपपेक्षा जास्त वेळ लागला. लॅपटॉप चार कोअरचा आहे. माझं काय चुकतंय? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : तुझं लॉजिक चुकलेलं नाही, कामाचा तुकडा फार छोटा झालाय. आधी साधी गोष्ट तपास, कंपाइल करताना थ्रेडेड दिलंस का आणि चालवताना आरटीएसला (प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला) एन सांगितलंस का, नाहीतर चार कोअर असून सगळं एकावरच चालतं.

आता मुख्य मुद्दा. पॅरमॅप प्रत्येक आकड्यासाठी एक स्पार्क तयार करतं. स्पार्क म्हणजे थ्रेड नाही, स्पार्क म्हणजे नुसती चिठ्ठी, की कोणी रिकामं असेल तर एवढं काढून ठेवा. तू 10 लाख चिठ्ठ्या लिहिल्यास आणि प्रत्येक चिठ्ठीवरचं काम काय तर एक गुणाकार. चिठ्ठी लिहायला, उचलायला, वाचायला जो वेळ जातो तो गुणाकाराच्या कितीतरी पट आहे. शिवाय चिठ्ठ्या ठेवायची जागा पण मर्यादित असते, साधारणपणे 4096, ती भरली की पुढच्या सरळ टाकून दिल्या जातात. प्रोग्रॅम एस पर्यायाने चालव, शेवटी स्पार्कचा हिशेब छापून येतो. कन्व्हर्टेड म्हणजे खरंच दुसऱ्या कोणी केल्या, ओव्हरफ्लोड म्हणजे जागेअभावी गेल्या, फिझल्ड म्हणजे कोणी उचलायच्या आत मूळ थ्रेडनेच ते काम करून टाकलं. तुझ्याकडे कन्व्हर्टेडचा आकडा अगदी बारीक दिसेल बघ.

उपाय म्हणजे गठ्ठे. पॅरलिस्टचंक घे आणि 10,000 चा चंक दे, म्हणजे 100 चिठ्ठ्या होतील आणि प्रत्येकीत भरपूर काम असेल. कोअर चार आहेत तर चारच गठ्ठे का नको असं विचारशील, तर काही गठ्ठे जड निघतात काही हलके, आणि चारच पाडले तर तिघं संपवून चौथ्याकडे बघत बसतात. थोडे जास्त गठ्ठे असले की जो रिकामा होतो तो पुढचा उचलतो.

अजून एक सांगून ठेवते, या प्रोग्रॅममधे नाही पण पुढच्या असाइनमेंटमधे नक्की लागेल. पॅरमॅपला आरसेक (उत्तर किती खोल काढायचं ते सांगणारी एक स्ट्रॅटेजी) दिलंस की प्रत्येक उत्तर फक्त वरच्या थरापर्यंत उघडलं जातं. साधा पूर्णांक असेल तर तेवढं पुरतं, पण उत्तर स्वतःच लिस्ट असेल तर पहिला डबा उघडतो आणि आतलं सगळं काम तसंच पडून राहतं, मग शेवटी बेरीज करणारा एकटा थ्रेड ते ओढत बसतो आणि आपल्याला वाटतं पॅरलल करून काही उपयोग झाला नाही. तिथे आरडीपसेक लागतं. आणि यादी फार मोठी किंवा हळूहळू येणारी असेल तर पॅरबफर वापर, ते ठरावीक अंतर पुढे पळतं आणि क्रम व आळशीपणा (लागेल तेव्हाच काढणं) दोन्ही टिकवतं.

हे सगळं ज्या स्ट्रॅटेजी लायब्ररीतून येतं तिच्यावरचा पेपर 1998 चा आहे, ट्रिंडर, हॅमंड, लॉइडल आणि पेटन जोन्स यांचा, आणि त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की उत्तर काय आहे ते एकीकडे लिहायचं आणि ते कोणी कधी काढायचं हे वेगळं सांगायचं. स्ट्रॅटेजी बदल, काढून टाक, उत्तर तेच राहतं, क्रमासकट. म्हणून चंक 1000, 10,000, 50,000 असे बिनधास्त बदलून बघ, काही मोडणार नाही. फक्त वर्गाऐवजी जरा जड काम घे, आकडा मूळसंख्या आहे का हे तपासणं वगैरे, नुसत्या गुणाकारात चार कोअरचा फायदा दिसणं कठीणच आहे.

प्रश्न : एका व्याख्यानात ऐकलं की फोल्डलेफ्ट, फोल्डराइट हानिकारक आहेत आणि लिस्ट वापरणंच सोडा. आम्ही तर फंक्शनल म्हणजेच लिस्ट आणि फोल्ड असं शिकलो. मग शिकलो ते चुकीचं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चुकीचं नाही, एका कोअरच्या काळातलं आहे. हे म्हणणं गाय स्टील यांचं, 2009 मधे एडिनबरोला फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या आयसीएफपी परिषदेत त्यांनी ते मांडलं आणि 'किंचित हानिकारक' असा शब्द वापरला होता. माणूस घरातलाच आहे, 1975 मधे जेराल्ड ससमन यांच्याबरोबर स्कीम भाषा त्यांनीच तयार केली, म्हणजे लिस्टवर ज्यांचा पिंड पोसला गेला तेच सांगतायत की कॉन्स (लिस्टला एकेक डबा जोडणं) सोडा. म्हणून ते ऐकण्यासारखं आहे.

लिस्टचा डबा दोन कप्प्यांचा असतो, एकात वस्तू आणि दुसऱ्यात पुढच्या डब्याचा पत्ता. लिस्पमधे (स्कीम ही त्याच घराण्यातली) त्यांना कार आणि कुडर म्हणतात, ही नावं 1950 च्या दशकातल्या आयबीएम 704 मशीनच्या रजिस्टरवरून आलीत. आता 10 लाख डब्यांच्या साखळीचा मध्य शोधायचा तर 5 लाख डबे एकेक करून उघडावे लागतात. पाच शिक्षकांना गठ्ठे द्यायचे आहेत आणि पेपर सुईदोऱ्याने एकमेकांना शिवलेत असं झालं ते. अशी साखळी असली की बाकी भाषा कितीही शुद्ध असू दे, काम वाटायलाच येत नाही.

स्टील यांनी सुचवलं की यादीकडे झाडासारखं बघा. यादी एकतर रिकामी, किंवा एकाच वस्तूची, किंवा दोन याद्या जोडून झालेली. डावी बाजू एकाने करावी, उजवी दुसऱ्याने, मग जोडावं. डावं डावीकडेच राहतं म्हणून क्रम कुठे जात नाही. त्यांची फोर्ट्रेस नावाची भाषा सन कंपनीत याच विचारावर चालली होती, ती पुढे बंद पडली, पण विचार इतरांनी उचलला. क्लोजर या लिस्प घराण्यातल्या भाषेत 1.5 आवृत्तीपासून रिड्यूसर्स (यादी गोळा करायचं काम वाटणारी सोय) आहेत, त्यातलं फोल्ड व्हेक्टर मिळालं की ते अर्धं अर्धं करत 512 पर्यंतचे तुकडे पाडतं आणि कामाला लावतं. व्हेक्टर आतून 32 फांद्यांचं झाड असल्यामुळे कुठूनही तोडता येतं. त्याच फोल्डला साधी लिस्ट दिलीत तर मात्र ते गुपचूप एकट्याने रिड्यूस करतं, तक्रार करत नाही, आणि मग लोक म्हणतात रिड्यूसर्स चालत नाहीत. स्काला भाषेत पण तसंच, लिस्टला पॅर (काम वाटायची खूण) लावलं की आधी सगळी लिस्ट कॉपी करून व्हेक्टरसारख्या रचनेत टाकावी लागते. हॅस्केलमधे लिस्टऐवजी सिक्वेन्स घ्या, तो फिंगर ट्री आहे, हिंझ आणि पॅटरसन यांनी 2006 मधे मांडलेला, मधून तोडणं आणि परत जोडणं दोन्ही त्यात स्वस्त आहे.

आता फोल्डलेफ्टमधे नेमकं काय अडतं ते बघा. त्याला तुम्ही एकच गोष्ट शिकवता, आत्तापर्यंतचा हिशेब आणि पुढची एक वस्तू मिळाली तर नवा हिशेब कसा करायचा. पण दोन माणसांनी दोन वेगवेगळे हिशेब करून आणले तर ते एकमेकांत कसे मिसळायचे हे तुम्ही कधी सांगितलंच नाही. क्लोजरचं फोल्ड म्हणूनच दोन फंक्शन मागतं, एक गठ्ठ्याच्या आतलं आणि एक दोन गठ्ठे जोडायचं. हे दुसरं फंक्शन सुचणं म्हणजेच पॅरलल विचार करणं. छोट्या यादीला किंवा स्टॅकसारख्या वापराला लिस्ट आजही उत्तमच आहे, ती टाकून वगैरे देऊ नका.

प्रश्न : आमचे सर म्हणाले की पासबुकातली शिल्लक पॅरलल काढता येत नाही कारण प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अवलंबून आहे. मला पटलं पण कुठेतरी वाचलं की येते. खरं काय? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : येते. सरांचं कारण बरोबर वाटतं म्हणूनच हा प्रश्न मला फार आवडला. हाताने करून बघू.

खातं शून्यावर सुरू झालं आणि नोंदी अशा आहेत, जमा 500, खर्च 200, जमा 300, जमा 100, खर्च 50, जमा 400, खर्च 100, जमा 250. पहिल्या चार नोंदी मी घेते, शेवटच्या चार तुम्ही घ्या, दोघं एकाच वेळी लिहायला बसू. माझी शिल्लक ओळीने 500, 300, 600, 700. तुम्हाला माझं काही माहीत नाही, तुम्ही शून्यापासून धरा, तुमची येते उणे 50, 350, 250, 500. तुमचे आकडे चुकीचे आहेत, पण सगळे सारख्याच रकमेने चुकीचे आहेत, ती रक्कम म्हणजे माझी शेवटची शिल्लक 700. मी ती सांगितली की तुम्ही चारही ओळींत 700 मिळवायचे, 650, 1050, 950, 1200. झालं पासबुक. आणि ते मिळवणं पण चौघांना वाटून एकदम करता येतं.

चार जणांत वाटलं तर प्रत्येकाकडे दोन नोंदी, त्यांच्या बेरजा 300, 400, 350, 150, या चार बेरजांचंच एक छोटं पासबुक करायचं की कोणी किती मिळवायचं ते कळतं, 0, 300, 700, 1050. म्हणजे मोठ्या प्रश्नाच्या आत तोच प्रश्न छोटा होऊन बसलाय आणि तो पुन्हा तसाच सोडवायचा. याला स्कॅन किंवा प्रीफिक्स सम म्हणतात. लॅडनर आणि फिशर यांनी 1980 मधे पॅरलल प्रीफिक्सवर लिहिलं, हिलिस आणि स्टील (हो, तेच स्टील) यांनी 1986 मधे, आणि गाय ब्लेलॉक यांनी पुढे स्कॅन हाच पाया धरून नेस्ल ही फंक्शनल भाषा उभी केली. प्रोसेसर भरपूर असतील तर 10 लाख नोंदींना झाडाच्या साधारण 20 पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली लागतात. एकूण बेरजा मात्र एकट्याने केल्या असत्या त्यापेक्षा जवळजवळ दुप्पट होतात, त्यामुळे दोन कोअरवर याच्या मागे लागू नका, जीपीयूवर (खूप छोटे कोअर असलेल्या ग्राफिक्स चिपवर) मात्र हे रोजचं आहे, कोपनहेगन विद्यापीठातली फुथार्क भाषा मुद्दाम त्यासाठीच आहे.

सरांना एक पुढचा प्रश्न विचारा. समजा नियम आहे की शिल्लक शून्याखाली जात नाही, गेली तर शून्य धरायची. आता 700 मिळवून चालणार नाही कारण मधे कुठे शून्याला टेकली असेल तर हिशेबच बदलतो. तरी होतं. प्रत्येक गठ्ठ्याने एकच आकडा न देता दोन आकडे द्यायचे, एकूण बेरीज किती आणि शेवटची शिल्लक कमीत कमी किती असू शकते. आलेल्या शिलकीत बेरीज मिळवा आणि ती त्या कमीत कमीपेक्षा खाली असेल तर कमीत कमी घ्या. असे दोन गठ्ठे जोडले की पुन्हा त्याच आकाराचे दोन आकडे तयार होतात, बेरजांची बेरीज, आणि नवीन कमीत कमी म्हणजे दुसऱ्याची कमीत कमी किंवा पहिल्याची कमीत कमी अधिक दुसऱ्याची बेरीज, यातलं जे मोठं ते. कागदावर एकदा करून बघा, आपण आकडे न जोडता फंक्शनच जोडतोय हे कळतं तेव्हा फार बरं वाटतं.

प्रश्न : मोठ्या फाइलमधे कंस नीट जुळलेत का हे बघायचंय. स्टॅक वापरून केलं पण ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत जावं लागतं. हे तुकडे पाडून होईल का? कारण कंसात तर क्रम सगळ्यात महत्त्वाचा. (एक वाचक, बंगळूर)

उत्तर : होईल, आणि क्रम महत्त्वाचा आहे म्हणूनच हे उदाहरण चांगलं आहे. एकाच जातीचे कंस धरू. कुठलाही तुकडा घ्या आणि त्यातले आपापसात जुळणारे कंस खोडून टाका, शेवटी काय उरतं, आधी काही बंद कंस ज्यांची सुरुवात आधीच्या तुकड्यात असेल आणि मग काही उघडे कंस ज्यांचा शेवट पुढच्या तुकड्यात असेल. बस, हे दोन आकडे पुरेत, तुकडा 4 अक्षरांचा असो की 4 कोटींचा.

पहिला तुकडा « (() » घ्या, त्यातून उरलं बंद 0, उघडे 1. दुसरा तुकडा « ))( », बंद 2, उघडा 1. जोडताना पहिल्याचे उघडे आणि दुसऱ्याचे बंद एकमेकांना खातात, इथे एक जोडी गेली, राहिले बंद 1, उघडा 1. आता तेच तुकडे उलटे लावा, आधी दुसरा मग पहिला, तर खायला कोणी मिळतच नाही, बंद 2 आणि उघडे 2 राहतात. म्हणजे जागा बदलली तर उत्तर बदलतं. पण तीन तुकडे असतील तर आधी पहिले दोन जोडा किंवा आधी शेवटचे दोन जोडा, उत्तर एकच. शाळेत शिकलेले दोन नियम आठवा, क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य. पॅरलल करायला पहिला लागत नाही, फक्त दुसरा लागतो, आणि क्रम जाईल ही जी भीती सगळ्या पत्रांत आहे ती या दोन नियमांची गल्लत झाल्यामुळे आहे असं माझं ठाम मत आहे. शेवटी सगळ्या फाइलचे आकडे 0 आणि 0 आले तर कंस जुळले.

फाइल जेसन (कंस आणि अवतरणांनी डेटा लिहायची पद्धत) असेल तर अवतरणचिन्हांच्या आत आलेले कंस मोजायचे नसतात, आणि आपला तुकडा अवतरणाच्या आत सुरू झालाय की बाहेर हे त्या तुकड्याला माहीत नसतं. मग दोन्ही शक्यता धरून दोन उत्तरं तयार ठेवायची, बाहेर सुरू झालो असतो तर काय आणि आत असतो तर काय, जोडताना आधीचा तुकडा सांगतो कुठलं उचलायचं ते. काम वाढतं पण थांबावं लागत नाही.

प्रश्न : स्कालात पॅरलल बेरीज केली, पूर्णांकांवर बरोबर येते, दशांशांवर दर वेळी शेवटचा एखादा आकडा वेगळा. आणि फोल्डला सुरुवात म्हणून 100 दिले तर उत्तर शेकड्याने वाढलेलं. बग आहे का? (एक वाचक, दुबई)

उत्तर : स्कालात बग नाही, दोन्हीकडे नियम मोडलाय. फोल्डला दिलेली सुरुवातीची किंमत प्रत्येक गठ्ठ्याला वेगळी मिळू शकते, 8 गठ्ठे पडले तर 100 आठदा आले. तिथे अशीच किंमत द्या जी मिळवून काही बदलत नाही, बेरजेला 0, गुणाकाराला 1, मजकूर जोडायला रिकामा मजकूर. तुमचे 100 शेवटी एकदाच मिळवा. वजाबाकी रिड्यूसमधे घालू नका, तिला साहचर्य नाहीये.

दशांशांचं असं की डबल (मशीनमधे दशांश ठेवायचा नेहमीचा प्रकार) मधे 0.1 आणि 0.2 आधी मिळवून मग 0.3 मिळवले तर 0.6000000000000001 येतं, आणि 0.2, 0.3 आधी मिळवून त्यांना 0.1 मिळवले तर 0.6 येतं. कागदावरच्या बेरजेला साहचर्य आहे, मशीनमधल्या दशांशांच्या बेरजेला नाही. गठ्ठे दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडले की जोडणी वेगळी होते आणि शेवटचा आकडा हलतो. दर वेळी तेच उत्तर हवं असेल तर गठ्ठ्यांचा आकार आणि जोडायची पद्धत तुम्हीच पक्की करा, मशीनवर किती कोअर आहेत त्यावर सोडू नका. आणि हिशेब पैशांचा असेल तर रुपयात न धरता पैशात धरा, पूर्णांकांत, मग गठ्ठे कुठेही तोडले तरी बेरीज तीच येते.